शास्त्रापेक्षा रूढी बलवान. पण कोणाची रूढी?

आजचा विषय तुम्हाला ठाऊक आहे. लिहिताना व्याकरणाच्या नियमांचं ऐकायचं की लोकांच्या वापराचं? ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन आपण लग्नकार्यात ऐकतो. एखाद्या विधीवरून गुरुजी आणि घरातल्या बायका यांचं जुळेना झालं, की कोणीतरी वडीलधारं माणूस हे वचन म्हणतं आणि बायकांचं खरं होतं. भाषेत मात्र हा निकाल अजून लागलेला नाही.

एक पक्ष म्हणतो, मराठी बिघडली, फलक वाचवत नाहीत, पोरांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, भाषा लोकांची आहे, कळलं म्हणजे झालं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रूढीनं नियमावर मात करावी, पण प्रत्येक रूढीनं नव्हे. कोणत्या रूढीनं करावी हे ओळखायच्या कसोट्या सांगता येतात. त्या न सांगता आपण भांडतो, म्हणून हा वाद साठ वर्षं तिथंच फिरतो आहे.

व्याकरण वेगळं, लेखनाचे नियम वेगळे

पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. ‘याचं व्याकरण कच्चं आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या माणसाची वेलांटी चुकलेली असते. वेलांटी म्हणजे व्याकरण नव्हे. ‘मुलगी आली’ म्हणायचं, ‘मुलगी आला’ म्हणायचं नाही, हे व्याकरण. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी संपवून चहाच्या गाड्यावर उभा राहिलेला, शाळेत फारसा न गेलेला माणूसही यात चुकत नाही.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडे बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला ही चूक वाटते. पण नीट ऐका. तीच बाई आपल्या लेकीबद्दल बोलताना ‘ती येतो’ कधी म्हणत नाही, ‘ती येती’च म्हणते. म्हणजे तिच्या बोलण्यात नियम आहे आणि ती तो काटेकोर पाळते. नियम मोडणं ही एक गोष्ट आणि निराळा नियम पाळणं ही दुसरी गोष्ट. दोन्हींना आपण ‘अशुद्ध’ हे एकच लेबल लावतो.

हा फरक आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून माहीत आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला पतंजली महाभाष्याच्या सुरुवातीलाच एक साधा दृष्टान्त देतो. घागर हवी असली की माणूस कुंभाराकडे जातो आणि घागर घडवून दे म्हणतो. पण शब्द वापरायचे असले म्हणून कोणी व्याकरणकाराच्या दारात जाऊन शब्द घडवून मागत नाही. शब्द आधीच लोकांत असतात. व्याकरणकार त्यांची व्यवस्था लावतो.

याच ग्रंथात एक वैयाकरण आणि एक सारथी भेटतात. वैयाकरण सारथ्याला विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी म्हणतो, मी याचा ‘प्राजिता’. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द झाला. सारथी उत्तर देतो, पंडितजी, सूत्र लावलं की कोणतं रूप निघतं हे तुम्हाला कळतं. कोणतं रूप चालतं हे कळत नाही. आणि पतंजली सारथ्याचं म्हणणं मान्य करतो! व्याकरणाच्या सर्वांत मोठ्या भाष्यात एक गाडीवान व्याकरणपंडिताला गप्प करतो, हे परंपरेचं नाव घेणाऱ्यांनी विसरू नये.

कोणाचा वापर?

पण दुसऱ्या पक्षानं इथे टाळ्या वाजवू नयेत. पतंजली ‘काहीही चालतं’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, शिष्टांचा वापर प्रमाण. शिष्ट कोण? तर विशिष्ट प्रदेशात राहणारे, विशिष्ट वर्णाचे, घरात घडाभर धान्यापलीकडे साठा न करणारे, लोभ नसलेले आणि एखाद्या विद्येत पारंगत. यातला प्रदेश आणि जन्म आज आपल्याला मान्य होणार नाही, होऊही नये. पण उरलेल्या दोन अटींकडे बघा. ज्याला स्वतःचा फायदा साधायचा नाही आणि ज्याला आपलं काम येतं, त्याचा वापर तोलून घ्यावा, एवढा अर्थ आजही घेण्यासारखा आहे.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून डेव्हिड ह्यूमची एक गोष्ट इथे आणतो. जे आहे त्यावरून काय असावं हे आपोआप निघत नाही, असं तो दाखवतो. ‘लोक असं लिहितात’ या वाक्यातून ‘असं लिहावं’ हे निघत नाही. हे झालं वापराच्या पक्षाला उत्तर. पण परंपरेच्या पक्षालाही तेच लागू आहे. ‘पूर्वी असं लिहीत’ यातूनही ‘असं लिहावं’ निघत नाही. दोघांनाही कारण द्यावं लागेल. आता कारणं तपासू.

एका टिंबाचा इतिहास

दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. त्या सगळ्या काळात आणि पुढेही मराठी लिहिताना अनुस्वारांची गर्दी असे. ‘मीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘केलें’, ‘मोठें’. एके काळी तिथे नाकातून उच्चार होत होता. तो प्रमाण बोलण्यातून गेला आणि टिंब मागे राहिलं. कोणतं टिंब कुठे, हे कळायला व्युत्पत्ती आणि विभक्ती पाठ असाव्या लागत.

1961 साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं. त्यानं तयार केलेले 14 नियम 1962 साली शासनानं स्वीकारले. 1972 साली आणखी 4 नियमांची भर पडली. आज आपण जे 18 नियम म्हणतो ते हेच. त्यात एक मोठा निर्णय झाला: जे टिंब उच्चारात नाही ते लिहायचं नाही. शास्त्र हरलं, रूढी जिंकली. आकाश कोसळलं का? नाही. उलट एक फायदा झाला. पूर्वी एका घरातही ‘घरांत’ आणि अनेक घरांतही ‘घरांत’च होतं. आता ‘घरात’ म्हणजे एक घर, ‘घरांत’ म्हणजे अनेक. टिंब अर्थासाठी राबायला लागलं.

पण एक तोटाही झाला. पूर्वी ‘मोठें झाड’ आणि ‘मोठे आंबे’ असं लिहीत. नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन डोळ्यांना वेगळं दिसे. टिंब गेल्यावर ‘मोठे झाड’ आणि ‘मोठे आंबे’ सारखेच झाले. आता आपलं बोलणं ऐका. ‘झाड मोठं आहे’, ‘आंबे मोठे आहेत’. ‘काम झालं’, ‘पैसे झाले’. जो भेद ग्रांथिक लेखनातून गेला तो बोलण्यात जिवंत आहे. म्हणजे ज्याला आपण सैल, घरगुती रूप समजतो ते व्याकरणाच्या दृष्टीनं अधिक नेमकं आहे!

आणि नियम काय सांगतो? कथा-कादंबरीतल्या पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालेल, एरवी ‘असे केले’ लिहा. माझी टीका नेमकी इथे आहे. हा नियम उच्चाराला धरून नाही आणि अर्थाचा भेदही राखत नाही. तो फक्त पोशाखाचा नियम आहे, सभेला येताना टोपी घालून या म्हणण्यासारखा.

याच्या विरोधातला एक मुद्दा मात्र गंभीर आहे. ‘केले’ हे रूप कोणत्याच भागाचं नाही, म्हणून ते सगळ्यांना समान परकं आहे. ‘केलं’ प्रमाण मानलं तर एका बोलीला झुकतं माप मिळेल. कोकणात, खानदेशात निराळी रूपं आहेत, त्यांनी काय करायचं? मला हा मुद्दा पटतो, म्हणून मी ‘केले’ हद्दपार करा असं म्हणत नाही. मी म्हणतो, निबंधात, अर्जात, वैचारिक लेखात ‘केलं’ला विकल्प म्हणून जागा द्या. दोन्ही बरोबर. दुसरा आक्षेप असा की ‘संत’मधलं टिंब आणि ‘असं’मधलं टिंब यांचा उच्चार वेगळा आहे. आहेच. पण वाचताना कोणी अडखळतं का?

शब्दाचं कूळ विचारणारा नियम

आता फलकांकडे येऊ. सांगली, मिरज, कुपवाड, कुठल्याही चौकात बघा. ‘शुभेच्छूक’ लिहिलेलं असतं. देवळावर ‘मंदीर’ लिहिलेलं असतं. आपण हसतो. पण लिहिणाऱ्यानं काय केलं ते पाहू. गरीब, वकील, जमीन, खरीप. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की मराठीत त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ होतो. ऊस, फूल, वीज, सून. हा मराठीचा स्वतःचा नियम आहे आणि 18 नियमांनीही तो मान्य केला आहे. रंगाऱ्यानं तोच नियम ‘मंदिर’ला लावला आणि ‘मंदीर’ लिहिलं. तो चुकला, कारण ‘मंदिर’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि अशा शब्दांना मुळाप्रमाणे लिहायचं असतं.

म्हणजे त्याला मराठी येत नाही असं नाही. त्याला संस्कृत येत नाही. ‘जमीन’ दीर्घ, ‘मंदिर’ ऱ्हस्व, आणि ‘शरीर’ पुन्हा दीर्घ. पुढे ‘जमीन’चं ‘जमिनीचा’ होतं, पण ‘शरीर’चं ‘शरीराचा’च राहतं. कान इथे काही मदत करत नाही. शब्दाचं कूळ विचारल्याशिवाय लिहिता येत नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत त्याला हे न शिकता येतं. ज्याच्या घरात पहिलंच पोर दहावीला बसलंय, त्याचे गुण जातात. कारखान्यातल्या नोकरीसाठी त्यानं मराठीत अर्ज केला तर वाचणारा तिथल्या दोन वेलांट्या बघून ‘पोरगं कच्चं आहे’ म्हणतो. या नियमाची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

परंपरेचा पक्ष म्हणतो, अहो, ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. हा भेद गेला तर? भेद आहे, पण तो फक्त कागदावर आहे. आपल्या बोलण्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि ‘शिक्षक दिन’ ऐकून कोणी शिक्षकांची कीव करत नाही. संदर्भ सांभाळून घेतो.

शिवाय इथेही रूढीनं आधीच एक लढाई जिंकलेली आहे. संस्कृतात ‘कवि’, ‘गति’, ‘बुद्धि’. नियमांनी त्यांचं ‘कवी’, ‘गती’, ‘बुद्धी’ केलं, कारण मराठी माणूस शेवटचा इकार लांबवतो. समासात मात्र ‘कविसंमेलन’ ठेवलं. आणि ‘आणि’? शेवटचा इकार दीर्घ म्हणायचं आणि ‘आणि’ मात्र ऱ्हस्व. का? तसंच लिहायची सवय होती म्हणून. आपली महापालिका 1998 साली झाली. ‘सांगली, मिरज आणि कुपवाड’ या तिच्या नावाच्या मधोमध रूढीनं नियमावर मिळवलेला विजय लिहिलेला आहे.

मग उद्यापासून ‘मंदीर’ छापायचं का? नाही. लेखनात डोळ्यांचीही एक रूढी असते. आपण अक्षरं जुळवत वाचत नाही, शब्दाची आकृती ओळखतो. आधीच्या पिढ्यांची पुस्तकं पुढच्या पिढीला सहज वाचता यावीत, याला किंमत आहे. म्हणून पुस्तकात, वर्तमानपत्रात, पाठ्यपुस्तकात ‘मंदिर’ राहू द्या. ते मुद्रितशोधकाचं आणि कोशाचं काम आहे. पण पोराच्या उत्तरपत्रिकेत ‘मंदीर’ला तोच दंड नको जो अर्थ बिघडवणाऱ्या चुकीला आहे.

रूढी जिथे हरली पाहिजे

आता दुसऱ्या पक्षाची पाळी. हल्ली सर्रास ऐकू येतं, ‘माझी मदत कर’. हे हिंदीच्या वळणावर गेलेलं आहे. हिंदीतून आलं एवढ्यावर मी ते नाकारणार नाही. ‘कागद’, ‘दुकान’, ‘बाजार’ फारसीतून आले, ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ कानडीतून आले, आपण त्यांना घरचं मानतो. माझा आक्षेप वेगळा आहे. मराठीत ‘माझी मदत’ म्हणजे मी केलेली मदत. ‘त्याला माझी मदत झाली.’ आणि ‘मला मदत कर’ म्हणजे तू माझ्यासाठी कर. ‘माझी मदत कर’ रुळलं तर मदत कोणी कोणाला केली हेच पुसट होतं.

तसंच ‘मी त्याला बोललो’. मराठीत ‘आई मला बोलली’ म्हणजे आई रागावली. ‘आई मला म्हणाली’ म्हणजे तिनं काही सांगितलं. ‘बोलली’ दोन्हीकडे वापरलं की रागावणं आणि सांगणं यांतली भिंत पडते. इथे नियमाच्या बाजूनं उभं राहायला हवं. भाषेनं पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला भेद आपण फुकट घालवतो आहोत.

आणखी एक रूढी आहे, तिला लोकांची रूढी म्हणता येणार नाही. ‘सदर बाबत कार्यवाही करण्यात यावी.’ हे मराठीत अमाप छापलं जातं. पण कोणती आई लेकराला ‘जेवण करण्यात यावे’ म्हणते? केलं कोणी, करायचं कोणी, हे लपवायची ती सोय आहे. पतंजलीची अट आठवा: ज्याचा त्यात फायदा नाही त्याचा वापर. आता फोनचा कळफलकही शब्द सुचवतो आणि आपण तो दाबतो. नुसत्या संख्येवर निकाल लावायचा तर उद्या यंत्राची रूढी लोकांची म्हणून मोजली जाईल.

रूढी कधी कधी नवा भेद घडवतेही. पूर्वी सामान्यरूप सगळ्या नावांना होई. आता देवाला नमस्कार करताना आपण ‘विठ्ठलाला’ म्हणतो आणि मित्राला फोन लावायचा तर ‘विठ्ठलला’. ‘रामानं वनवास भोगला’ आणि ‘रामनं परीक्षा दिली’. कोणा समितीनं हे ठरवलं नाही. लोकांनी देव आणि दोस्त यांच्यासाठी दोन रूपं केली. ‘मिरजेत’ आणि ‘मिरजमध्ये’ यांचंही तसंच चाललंय. दोन्ही चालू द्या. एक टिकेल, किंवा दोघं कामं वाटून घेतील.

तीन कसोट्या

आता सगळं एकत्र आणतो. एखादा वापर नियमाच्या वर बसवायचा की नाही, हे तीन प्रश्न विचारून ठरवावं. पहिला, तो वापर नेमाचा आहे का, की कधी असा कधी तसा? दुसरा, त्यामुळे अर्थाचा एखादा भेद बुजतो का? तिसरा, निरनिराळ्या भागांतले आणि थरांतले लोक, त्यातही विचार करून लिहिणारे लोक, तो वापरतात का?

‘केलं’, ‘मोठं’ तिन्हींत उत्तीर्ण आहे. ‘मंदीर’ नेमाचं आहे, बोलण्यातला कोणताही भेद त्यानं बुजत नाही, पण काळजीनं लिहिणाऱ्यांत ते रुळलेलं नाही. म्हणून छापायचं नाही आणि शिक्षाही द्यायची नाही. ‘माझी मदत कर’ दुसऱ्या प्रश्नाला नापास. सोलापूरकडचं ‘मी काम केलो’ घ्या. आपण ‘मी काम केलं’ म्हणतो. पण ‘मी चहा प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’ हे प्रमाण मराठीतही कर्त्याप्रमाणेच चालतं. मग ‘केलो’ला तर्कदुष्ट म्हणायचा अधिकार कोणाला? ते त्या भागाचं व्याकरण आहे. सर्वांच्या लेखनात अजून पोचलेलं नाही, एवढंच. ‘चूक’ आणि ‘स्थानिक’ हे शब्द वेगळे ठेवा.

नियमांत शेवटची भर पडली 1972 साली. त्यानंतर शाळा वाड्या-वस्त्यांवर पोचल्या, लिहिणारा समाज पार बदलला. 2009 साली शासनानं वर्णमाला निश्चित करताना ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना जागा दिली, कारण ‘बॅट’ आणि ‘ऑफिस’ लोकांच्या तोंडी कधीच रुळले होते. म्हणजे बदल करता येतो. तो पुन्हा करायचा तर पंडितांबरोबर प्राथमिक शिक्षक, मुद्रितशोधक आणि फलक रंगवणारेही त्या टेबलाशी बसले पाहिजेत. आणि बदल जाहीर करून, तारीख घालून व्हावा. नाहीतर गुपचूप बदललेल्या रूढीचा दंड परीक्षेला बसलेल्या पोरालाच बसतो.

वेळ झाली. हे व्याख्यान लिहून काढणाऱ्यांना एकच विनंती आहे. माझ्या ‘केलं’चं ‘केले’ करू नका, पण माझी वेलांटी चुकली असेल तर जरूर दुरुस्त करा. दोन्हींची कारणं मी आज सांगितली आहेत. आता प्रश्न घेऊ.